आठ सुताचा बोल्ट

“माझे वडील मोठे कारागीर होते, पण शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हते. त्यांनी पाडलेले आटे ढिले पडले, बोल्ट निसटला आणि त्यावर टांगलेले झाकण त्यांच्याच अंगावर आले. स्वतःच्याच हातच्या कामाखाली ते गेले. म्हणून सांगतो, नजर साथ देत नसेल तर मशीनला हात लावू नका.”

हे शब्द माझ्या दिवंगत भागीदाराच्या एकुलत्या एका मुलाचे आहेत. गेल्या खंडेनवमीला अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या आपल्या कारखान्यात, मशीनची पूजा आटोपल्यावर, त्याने ते आपल्या कामगारांना ऐकवले. तो वऱ्हाडीत बोलला होता. मी ते प्रमाण भाषेत उतरवले आहे, कारण मला त्याचे म्हणणे खोडून काढायचे आहे, त्याची बोली नव्हे. मी समोरच्या खुर्चीवर बसलो होतो. हातातला प्रसादाचा द्रोण तसाच खाली ठेवून मी उठलो आणि कोणाचाही निरोप न घेता अकोल्याच्या गाडीत बसलो. म्हाताऱ्याला राग आला, एवढेच तिथल्या मंडळींनी ताडले असेल. राग मला रोजच येतो. त्या दिवशी जे आले ते रागाच्या पलीकडचे होते. ज्या माणसाने आयुष्यभर एक आटा वाकडा पाडला नाही, त्याचे नाव आता त्याच्याच घरात, त्याच्याच फोटोखाली, वाईट कामाचा नमुना म्हणून घेतले जात होते.

म्हणून जे घडले ते मी क्रमाने लिहितो.

आमचे दुकान अकोल्याला मालधक्क्यामागच्या गल्लीत होते. वर पत्रे, आत एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि बाकावर आवळलेला माझा वाइस, म्हणजे काम पकडायचा शिकंजा. पुष्कळ लोक असे सांगतात की दुकान त्याचे होते आणि मी त्याच्या हाताखाली होतो. हे असत्य आहे. मी बाळापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातून आलो, तो शहरातल्याच एका पौरोहित्य करणाऱ्या घरातून; दोघांनाही घरच्यांनी वेड्यात काढले होते, आणि दोघांचा त्या दुकानात सारखा वाटा होता. लोक असेही म्हणत की आटे पाडावेत तर त्यानेच. हे अर्धे खरे आहे. बाहेरचे आटे, म्हणजे बोल्टाचे, त्याने पाडावेत. आतले आटे, म्हणजे नटाचे आणि भोकाचे, मी. त्या कामात त्याने माझी बरोबरी कधी केली नाही, आणि तो असता तर त्याने ते मान्यही केले नसते.

आतले आटे पाडणे हे आंधळे काम आहे. भोकात टॅप, म्हणजे आटे कापणारा पोलादी दांडा, उतरतो आणि पुढचे काही दिसत नाही. सरकीच्या तेलाचा थेंब सोडायचा, टॅप सरळ उभा धरायचा, अर्धा फेरा पुढे घ्यायचा आणि लगेच पाव फेरा मागे, म्हणजे कापलेला कीस मोडून पडतो. पहिला टॅप नुसती वाट करतो, दुसरा खोली देतो, तिसरा तळ गाठतो. मागे न फिरवता जो नुसता जोर लावतो, त्याचा टॅप आतच मोडतो. आणि पोलादी टॅप भोकात मोडला की तो भाग भंगारात गेलाच.

बाहेरचे आटे लेथवर. सळई फिरते, टूल तिच्या अंगाने सरकते, आणि दोहोंची चाल चक्रांनी अशी बांधलेली असते की सळईच्या दर फेऱ्याला टूल ठरावीक अंतरच पुढे जाते. ते अंतर म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचे अंतर. त्याला पिच म्हणतात. आटा किती खोल जावा हे कारागिराच्या हातात असते. पिच मात्र मशीनच्या चक्रांत असते. हे वाक्य वाचकाने लक्षात ठेवावे.

माझ्या भागीदाराच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, हे मी नाकारत नाही. पण खोली तो डोळ्याने मापतच नव्हता. टूल एकदा सळईवरून सरकून गेले की तो मशीन थांबवी, आट्यांवरून अंगठ्याचे नख ओढी आणि त्या आवाजावरून ठरवी. शेवटी बाकावरचा एक जुना नट बोल्टावर सोडून देई. नट आपल्या वजनाने, घाई न करता, फिरत फिरत खाली आला की काम झाले. तो थबकला किंवा खळखळला, तर बोल्ट गिऱ्हाइकाच्या नव्हे, भंगाराच्या डब्यात जाई. डोळे दोन्ही चांगले असणारे अनेक जण मी पाहिले आहेत. असा नट त्यांच्या बोल्टावरून उतरताना पाहिलेला नाही.

आता सुताविषयी. आमच्या भागात एका इंचाचे आठ सूत धरतात. वऱ्हाडातले कापसाच्या गाठी दाबणारे जुने प्रेस साहेबांच्या काळातले, त्यामुळे त्यांचा एकूण एक बोल्ट सुतात. चार सुती, सहा सुती, आणि सगळ्यांत जाड तो आठ सुती, म्हणजे पुरता एक इंच. पुढे बाजारात सगळीकडे मिलिमीटर आले. पण माणसांची जीभ बदलली नाही. गिऱ्हाईक दुकानात जाऊन अजूनही आठ सूतच मागते, आणि दुकानदार त्याच्या हातावर चोवीस मिलिमीटरचा बोल्ट ठेवतो. दिसायला दोन्ही सारखे. दोघांनाही वाटते की आपण एकाच वस्तूविषयी बोललो.

यावरूनच आमचे आयुष्यातले सर्वांत मोठे भांडण झाले. आमच्या लेथच्या चक्रांच्या पेटीवर पितळी पट्टी होती आणि तिच्यावर इंचाला किती आटे, एवढेच आकडे होते. दांडा सरकवला की आकडा बदलायचा, इंच बदलत नव्हता. मिलिमीटरचे आटे पाडायचे तर बाजूचे झाकण उघडून एकशे सत्तावीस दात्यांचे एक चक्र आत बसवावे लागते; इंचाचे मिलिमीटर करण्याचे काम ते चक्र करते. ते आमच्या मशीनसोबत आलेले नव्हते. मी म्हटले, मागवून घेऊ, निम्मे गिऱ्हाईक समोरच्या गल्लीत चालले आहे. तो टूलला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, “ज्याले मिलिमीटर पायजे त्यानं समोरच जा. मले एका मशीनवर दोन देव बसवायचे नाहीत.” मी त्याला हेकट म्हटले, त्याने मला बनिया म्हटले, आणि एक अख्खा हंगाम आम्ही एकाच छताखाली, एकमेकांकडे पाठ करून, एक शब्द न बोलता काम केले. या भांडणाचा निकाल काय लागला ते मी योग्य जागी सांगेन.

आता त्या दिवसाविषयी. त्याला पंधराएक वर्षे झाली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एक जुना प्रेस होता. कापसाचा हंगाम संपला की उन्हाळ्यात त्याची दुरुस्ती निघे आणि बोलावणे आम्हाला येई. त्या प्रेसला चार जाड खांब, आणि खांबांवर बिडाचे एक अवजड झाकण. झाकणाच्या मधोमध आठ सुती आट्यांचे भोक. त्यात कडीचा बोल्ट पिळायचा, कडीत साखळीचा आकडा अडकवायचा आणि झाकण उचलायचे. तो कडीचा बोल्ट माझ्या भागीदाराने स्वतः बनवून दिलेला होता. हे त्या मुलाच्या म्हणण्यातले एकमेव सत्य. मात्र त्याला मधे बरेच हंगाम लोटले होते.

त्या सकाळी खांबांच्या माथ्यांवरचे गंजलेले आटे साफ करायचे होते. मी अकोल्यालाच होतो. ज्या खांबांवर काम होते त्यांचे नट माझ्या वाइसमध्ये होते. जे पुढे लिहितो ते तिथल्या फिटरने मला त्याच संध्याकाळी सांगितले. माझा भागीदार पोहोचला तेव्हा झाकण साखळीवर टांगून वर घेतलेले होते. त्याने वर पाहिले, कडी पाहिली आणि विचारले की हा बोल्ट आपलाच ना. फिटर म्हणाला, तुमचाच. कडीचा बोल्ट एकदा पिळून बसला की त्याचे आटे भोकात दडतात. बाहेर राहते ती फक्त कडी, आणि कड्या सगळ्या सारख्याच. आधाराला लाकडी ठोकळे लावू का, असेही फिटरने विचारले. त्यावर हा हसला आणि म्हणाला, “माह्या बोल्टाले ठोकळा लावता का बे?” मग तिकोनी कानस घेऊन तो वाकला आणि खांबाच्या माथ्यावर, टांगलेल्या झाकणाखाली, काम करू लागला.

ठोकळे लावायला हवे होते. हे मी त्या फिटरला सांगितले, कारखानदाराला सांगितले आणि आता वाचकाला सांगतो. ती त्याची चूक होती. पण ती चूक आपल्या कामावर भरवसा ठेवण्याची होती. वाईट काम करण्याची चूक वेगळी असते.

मी पोहोचलो तेव्हा झाकण बाजूला केलेले होते आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेले होते. नेण्यात काही अर्थ नव्हता, हे नेणाऱ्यांनाही माहीत होते. जमिनीवर पोती अंथरली होती. कोणीतरी त्याचा चष्मा उचलून खिडकीत ठेवला होता. त्याच्या काचा शाबूत होत्या. पंचनामा झाला, त्यात बोल्ट निसटल्याने अपघात एवढेच आले, आणि आठवडाभराने तो बोल्ट मला त्याच कारखान्याच्या भंगाराच्या ढिगात सापडला. मी तो उचलून खिशात घातला. कोणी अडवले नाही. भंगाराला कोण अडवतो.

त्याच रात्रीपासून गावात त्या अपघाताची हकीकत तयार होऊ लागली. कारखानदाराला ती सोयीची होती: कारागिराचा बोल्ट, कारागिराची चूक, कारागीरच गेला, विषय संपला. गल्लीतल्या लोकांनी त्यात मोतीबिंदू घातला. मी ज्याला त्याला थांबवून सांगू लागलो की बोल्ट त्याचा नाही. लोक मान हलवत आणि म्हणत की तुम्ही भागीदार, तुम्ही असे म्हणणारच. बाजारातून तो बोल्ट कोणी आणला, त्याचा खरा बोल्ट कुठे गेला, हेही मी शोधत फिरलो. कोणाला काही आठवत नव्हते.

मुलगा तेव्हा तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षाला होता. बापाने त्याला कधी लेथजवळ फिरकू दिले नव्हते. शिकून मोठ्या मशीनवर जा, असे तो म्हणे. तेरावे झाल्यावर मी बोल्ट घेऊन त्यांच्या घरी गेलो, तर वहिनींनी मला दारातच थांबवले. त्या प्रेसवाल्यांनी मुलाला काम देऊ केले होते. त्या म्हणाल्या, “भाऊजी, माणूस त गेला. पोराचं बस्तान बसू द्या, मंग काय सांगायचं ते सांगा.” मी त्यांना शब्द दिला आणि पाळला. माझ्यासारख्या भांडखोर माणसाला तो पाळणे किती जड गेले असेल, याचा विचार वाचकाने करावा. मुलाचे बस्तान बसले, त्याने नांदगाव पेठेला स्वतःची दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी, मशीन टाकली, आणि त्याच प्रेसवाल्यांची कामे त्याच्याकडे येऊ लागली. वहिनी मागच्या वर्षी गेल्या. त्यानंतर आली ती खंडेनवमी.

दिवाळी उलटल्यावर मी त्याच्याकडे गेलो. निघण्यापूर्वी अकोल्याच्या हार्डवेअरच्या दुकानात थांबून आठ सुताचा बोल्ट मागितला. दुकानदाराने चोवीस मिलिमीटरचा काढून दिला. मी म्हटले, हा चोवीसचा आहे. तो म्हणाला, “तेच ना काका, उन्नीस-बीसचा फरक.” तो बोल्ट, आमच्या दुकानातला एक जुना आठ सुती नट, आट्यांचे अंतर तपासायच्या दातेरी पात्यांचे पिच गेज आणि भंगारातून आणलेला तो कडीचा बोल्ट, एवढे थैलीत टाकून मी अमरावतीला उतरलो.

तो काचेच्या खोलीत बसला होता. मागे भिंतीवर बापाचा फोटो, हार ताजा. त्याने उठून पाया पडून खुर्ची दिली आणि चहा सांगितला.

“काका, त्या दिवशी न जेवता गेले तुमी. मले लय वाईट वाटलं.”

मी त्याच्या हातात आठ सुती नट आणि नवा बोल्ट दिला आणि पिळायला सांगितले. त्याने पिळला. चार-पाच फेरे नट सहज गेला, मग अडला. त्याने टेबलावरचा पाना घेऊन अर्धा फेरा आवळला.

“बसला की. चांगला टाईट बसला.”

“टाईट नाई बापू. अडकला. दोघायच्या आट्याची चाल येगळी हाय. इंचाचा आटा पुढं पुढं सरकते, मिलिमीटरचा मांगं मांगं राह्यते. चार-पाच फेऱ्यांत एकमेकायले अडवतात. हाताले वाटते बसला. धरून ठेवाले फक्त टोकाचे एक-दोन आटे असतात, बाकीचे नुसते शोभेले.”

मग मी कडीचा बोल्ट काढून ठेवला. त्याने तो लगेच ओळखला नाही. ओळखला तेव्हा हात मागे घेतला. मी त्याला आटे दाखवले. आटे ढिले पडले असते, तर भोकात गेलेला प्रत्येक आटा सारखा घासला गेला असता. इथे टोकाचे दोन आटे चिरडून सपाट झाले होते आणि मधले जवळजवळ कोरे होते. पिच गेजची मिलिमीटरची पात त्या कोऱ्या आट्यांवर ठेवली, ती दात दातात बसून उभी राहिली. इंचाची पात ठेवली, ती डुगडुगली. दोन्ही पाती त्याने पुन्हा स्वतःच्या हाताने लावून पाहिल्या, आणि नंतर तो खोलीच्या बाहेर आपल्या मशीनजवळ गेला.

परत आल्यावर त्याने जे सांगितले ते मी इथे लिहितो, कारण त्याच्यावर अन्याय व्हावा अशी माझी इच्छा नाही. तो म्हणाला की बापाची चूक होती असे मानल्यावर त्याला रात्री झोप लागू लागली होती. चूक दुसऱ्या कोणाची असती तर त्या प्रेसच्या दारात तो काम मागायला उभा राहू शकला नसता, आणि आईला त्याने तिथे उभे राहिलेले हवे होते. आपल्या कामगारांना तो ही गोष्ट सांगतो ती बापाला कमी लेखण्यासाठी नव्हे. आणखी कोणी तसे जाऊ नये, म्हणून. हे सर्व मी ऐकून घेतले. त्यातल्या कशावरही माझे भांडण नव्हते.

पण तो तिथे थांबला नाही. तो कारागिराचा मुलगा आहे आणि स्वतःही कारागीर आहे. त्याने बोल्ट पुन्हा उचलला.

“काका, मानलं. बोल्ट मिलिमीटरचा हाय. पण मंग बाबांनीच मिलिमीटरचा पाडला असंन. आठ सुताच्या जागी चोवीसचा. दिसे नाई त्यायले. माह्या मशीनवर एक आकडा बदलला का इंच, एक बदलला का मिलिमीटर. चांगल्या डोळ्याचा ऑपरेटरबी चुकते कधी कधी. तुमी त्यायले वाचवून राहिले, मले समजते. पण ह्यानं शाबीत काय झालं?”

काचेपलीकडे त्याचे मशीन चालू होते; आत पांढरे तेल उडत होते आणि पडद्यावर आकडे धावत होते. ज्याला इंच सोडून दुसरे काही येतच नाही असे मशीन त्याने जन्मात चालवलेले नव्हते, आणि बापाने ते त्याला पाहू दिले नव्हते. म्हणून मी त्याला ते जुने भांडण सांगितले: पितळी पट्टी, आमचा अबोला, मी त्याला दिलेल्या शिव्या. आमचा लेथ आजही अकोल्याला ताडपत्रीखाली उभा आहे, चल, झाकण उघडून तुझ्या डोळ्यांनी पाहा, असेही सांगितले. मग त्या भांडणाचा निकाल सांगितला, जो मी आयुष्यभर माझा पराभव समजत आलो होतो.

मिलिमीटरचा आटा पाडणारे ते एकशे सत्तावीस दात्यांचे चक्र आमच्या दुकानात कधीच आले नाही.